पीठ कुणाच्या घरचं होतं

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. कसलासा दाखला काढायचा होता म्हणून तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. उन्हाळ्याची दुपार, भिंतीला टेकलेली कपाटं, त्यांवर छतापर्यंत रचलेली लाल फडक्यातली बासनं, आणि शाई, कार्बन पेपर, जुना कागद यांचा मिळून होणारा तो कचेरीचा वास. माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. जुनेर नेसलेली, कपाळ मोकळं, हनुवटीवरचं गोंदण तेवढं हिरवंगार. काखेतल्या कापडी पिशवीतून तिनं एकेक कागद जपून काढून टेबलावर ठेवला. रेशनकार्ड, सरपंचाचा दाखला, नवऱ्याचा एक फोटो. नवरा बेचाळीसच्या चळवळीत होता, त्याचं स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन आपल्याला मिळावं, एवढं तिचं मागणं. कारकून भला माणूस होता. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं, कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, तुमचं सगळं खरं असंल. पण तुरुंगात गेल्याचा कागद? वॉरंटाचा? कायतरी पुरावा लागतो ओ." म्हातारी म्हणाली, "तुरुंगात कुठनं जात्याल? घावलंच न्हाईत." मग जरा थांबून, नातवाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "कागूद ठिवला असता, तर मानूस राहिला असता व्हय रं लेकरा?"

त्यावर कुणीच काही बोललं नाही.

ते वाक्य माझ्या मागेच लागलं. पुढे कधीतरी मी तो पेन्शनचा नियम शोधून वाचला. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन द्यायला सुरुवात केली आणि १९८०मध्ये ती योजना वाढवून तिला सन्मानाचं नाव दिलं. तुरुंगवास किमान सहा महिन्यांचा हवा. भूमिगत असाल तर तेही सहा महिन्यांहून जास्त, आणि त्यातही सरकारनं तुम्हाला फरारी म्हणून जाहीर केलेलं असावं, किंवा तुम्हाला पकडून देण्यासाठी बक्षीस लावलेलं असावं, किंवा तुमच्या नावानं स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावता आलेला नसावा. नियम करणाऱ्यांच्या मनात पाप होतं असं मला वाटत नाही. खोटे दाखले जोडून पेन्शन खाणारेही निघालेच, तेव्हा काहीतरी माप लागणारच. पण हे माप जुन्या सरकारच्या दप्तरातून आलेलं होतं. स्वातंत्र्यासाठी कोण झटलं हे ठरवताना स्वतंत्र देशानं साक्ष काढली ती इंग्रजांच्या पोलीस ठाण्याची. ज्याचं नाव त्या ठाण्यात पोचलं, तो सैनिक. ज्यानं ते पोचू दिलं नाही, त्याचं काम खरं तर जास्त चोख झालं होतं, आणि त्याच चोखपणामुळे त्याची बायको स्टुलावर बसून रेशनकार्ड दाखवत होती.

आमचा भाग कृष्णाकाठचा. आता सांगली जिल्हा, तेव्हाचा सातारा. पत्री सरकारच्या, म्हणजे बेचाळीसनंतर इथल्या भूमिगतांनी इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या सरकारच्या, गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. आजोळी गेलं की अंगणात वाकळ टाकून म्हातारी माणसं तेच ते प्रसंग नव्यानं सांगायची. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी १९३० साली तलाठ्याची नोकरी कशी सोडली, त्यांचं भाषण ऐकायला माणसं बैलगाड्या जुंपून कशी यायची, तो धिप्पाड गडी शेतकऱ्याच्या भाषेत बोलायला लागला की बायकासुद्धा पदर तोंडाला लावून कशा हसायच्या आणि मग कशा रडायच्या. १९४२च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर झेंडा चढला. काही दिवसांत वडूजला मोर्चावर गोळ्या झाडल्या, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबत आणखी आठ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. ह्या दोन दिवसांनंतर लोकांना कळून चुकलं, की हात जोडून मोर्चे नेण्याचे दिवस संपले. तारा तुटायला लागल्या, डाकबंगले पेटायला लागले आणि १९४३च्या मध्यावर त्या सगळ्या धडपडीतून एक सरकारच उभं राहिलं. त्याचं न्यायमंडळ होतं, तुफान सेना नावाचं लढाऊ दल होतं, निरोप पोचवणारी माणसं होती, वरातीचा आणि जेवणावळींचा खर्च टाळून लावलेली गांधी पद्धतीची लग्नं होती.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला छळतो तो प्रश्न बराच साधा आहे. ही माणसं जेवत कुठे होती?

एवढी वर्षं शेकडो माणसं घराबाहेर. आज ह्या मळ्यात, उद्या त्या डोंगरात, परवा धनगरांच्या वाड्यावर. बंदूक एकदा मिळाली की पुरते, भाकरी दोन वेळा लागते. आणि ती दुकानात मिळत नव्हती, ती कुणीतरी थापावी लागत होती. युद्धाचे दिवस, धान्याची लेव्ही, आपल्याच कणगीतलं जोंधळं सरकारला घालायचं, वर गावाला सामुदायिक दंड बसलेला. त्यातून उरलेल्या दाण्यांचं पीठ.

माझ्या वडिलांच्या चुलतीला आम्ही थोरली आई म्हणायचो. पत्री सरकारच्या काळात ती नुकती सासरी आलेली, तेरा-चौदा वर्षांची पोर. तिला मी कितीदा तरी विचारलं, आणि ती दर वेळी माणसांबद्दल न बोलता जात्याबद्दल बोलायची. जात्याचा आवाज सांगून टाकतो, म्हणायची. घरात खाणारी तोंडं पाच, आणि पहाटे जातं दोन तास फिरतंय, हे शेजारणीला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. म्हणून एका घरी जास्तीचं दळायचंच नाही. चार-पाच घरांनी रोजच्या दळणात एकेक ओंजळ वाढवायची, आणि ते पीठ पोरींनी गोळा करायचं, वर शेणी रचलेल्या बुट्टीतून. चुलीचंही तसंच. भलत्या वेळी धूर दिसता कामा नये. तिन्हीसांजेला सगळ्या गावाच्या चुली पेटलेल्या असतात तेव्हाच आपल्याही भाकरी उरकायच्या आणि फडक्यात गुंडाळून दडवायच्या. पोलीस आले की काही जण आधी भाकरीच्या बुट्टीत हात घालायचे आणि मोजायचे. माणसं किती, भाकरी किती? थोरली आई सांगायची, "सासूबाई म्हनायच्या, इचारलं तर सांग, उद्या रानात भांगलायला बाया हाईत." एवढं बोलून ती हाताचे तळवे उलटेसुलटे करून बघायची. त्या तव्याची धग अजून तिथे असावी तसं.

कोरड्यास न्यायची सोय नव्हती, ते सांडायचं, त्याचा वास सुटायचा. म्हणून भाकरीसोबत खरडा, कांदा, मूठभर शेंगा, असला तर गूळ. अंधार पडला की कुणीतरी वैरण आणायला, म्हशीला बघायला, अशा निमित्तानं मळ्याकडे जायचं. जोंधळा पुरुषभर वाढलेला असला की भीती कमी. सुगी झाली, रानं उघडी पडली, की ओढ्याच्या कडेकडेनं जायचं. नदीकाठच्या ओल्या वाळूत पाय उमटतात, म्हणून परतताना त्यावरून शेळ्या हाकायच्या. आणि कुत्री. गावातली कुत्री अनोळखी माणसाला भुंकतात, पण त्या काळात म्हणे आमच्या गावची कुत्री त्या पावलांना सरावली होती. पोलीस आले तरच भुंकायची. हे सांगताना थोरल्या आईच्या आवाजात जो अभिमान यायचा, तो स्वतःबद्दल बोलताना कधी आला नाही.

सर्वांत वाईट वाटायचं ते कधी, असं मी तिला एकदा विचारलं. पोलिसांची झडती, चावडीपुढे पुरुषांना उन्हात बसवून मारणं, असलं काही ती सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, भाकरी परत यायच्या तेव्हा. ठरल्या जागी माणूस गेला आणि तिथे कुणीच नसलं, तर तो ती गाठोडी तशीच घेऊन यायचा. मग घरात कुणी कुणाला काही विचारायचं नाही. सकाळी त्याच शिळ्या भाकरी ताकात कुस्करून सगळ्यांनी खायच्या. ती माणसं जागा बदलून गेली, की धरली गेली, की मेली, ते कळायला कधी आठवडा लागायचा आणि कधी कळायचंच नाही. १९४५च्या फेब्रुवारीत किसन अहिर आणि नानकसिंग मणदूरच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात पडले. वाळव्याला दर फेब्रुवारीत त्यांची आठवण काढतात. त्या बातमीच्या वेळी मात्र थोरली आई गप्पच व्हायची, आणि ती गप्प झाली की मीही पुढचं विचारायचो नाही.

मी पुण्याहून गावी रेल्वेनं जातो तेव्हा कराड गेल्यावर पुस्तक बाजूला ठेवतो. शेणोली येतं. ७ जून १९४३. तुफान सेनेनं ह्या ठिकाणी गाडी अडवली, सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड, ही कुंडलची पोरं त्यात होती. रुळांवर दगडं रचलेली, हातात काठ्या, विळे-कोयते आणि थोडीफार हत्यारं. मला त्या तारखेचं फार वाटतं. ७ जून म्हणजे मृग. त्या दिवशी कुणब्याचं पोर कुठे असायला हवं? कुळवलेल्या रानात, आभाळाकडे बघत, बी-बियाण्याची जुळणी करत. वर्षभराचं पोट त्या आठवड्यावर अवलंबून असतं. पोरं रुळांवर होती, म्हणजे मागे रानात दुसरं कुणीतरी उभं होतं. म्हातारा बाप, पोटुशी बायको, उधारीवर आणलेला बैल. पुढच्या वर्षी ज्याच्यावर आख्खा तालुका पोवाडे ऐकणार होता, त्या दिवशी त्याच्या घरची पेरणी कुणी केली, हे कुठल्या पोवाड्यात येत नाही. गाडी तिथे हल्ली मिनिटभर थांबते, कधी थांबतही नाही. खिडकीतून ऊस दिसतो. तेव्हा इतका ऊस नव्हता.

पुढचं स्टेशन भवानीनगर. तिथल्या पोलीस ठाण्यासमोर हौसाबाईंनी मार खाल्ला होता. नाना पाटलांची ही लेक. आई लहानपणीच गेलेली, वडील देशाच्या कामात, सरकारनं घर-जमीन जप्त केलेली, आजीपाशी वाढलेली. ठाण्यातली हत्यारं काढायची होती आणि पोलिसांना बाहेर आणायचं होतं. एका साथीदारानं नवऱ्याचं सोंग घेतलं आणि भर रस्त्यात तिला बडवायला सुरुवात केली, दगड उचलून जीव घ्यायची भाषा केली. पोलीस भांडण सोडवायला धावले, तेवढ्यात मागून बाकीच्यांनी बंदुका उचलल्या. पोलिसांना खरं वाटावं म्हणून मार खराच होता. नव्वदी ओलांडल्यावरही हौसाबाई तो प्रसंग सांगायच्या तेव्हा त्या माराची तक्रार करायच्या. २०२१च्या सप्टेंबरात त्या वारल्या. नवरा बायकोला भर चौकात मारतोय, हे दृश्य इतकं रोजचं होतं की पोलिसांना त्यात संशय घेण्यासारखं काही वाटलं नाही, ही गोष्ट मला शेणोलीच्या लुटीइतकीच मोठी वाटते. त्या बाईनं आपल्या जातकुळीतल्या सगळ्या बायकांच्या वाट्याला येणारं दुःख उचललं आणि ते हत्यारासारखं वापरलं.

हौसाबाईंचं नाव राहिलं याचं एक कारण त्या नाना पाटलांची लेक होत्या हे, आणि दुसरं, कुणीतरी जाऊन त्यांना विचारलं. इंदुताई पाटणकरांचं राहिलं, राजमती बिरनाळेंचं राहिलं, धुळ्याच्या लीलाताई पाटलांचं राहिलं. त्या स्वतः मैदानात उतरल्या होत्या आणि त्यांचं मोठेपण कुणी कमी करू शकत नाही. पण मैदानाच्या मागे जी शंभर-दोनशे चुलींची रांग होती, तिथवर विचारत कुणी गेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय. पत्री सरकार म्हटलं की शिक्षा आली. खबऱ्या, गुंड, सावकार, बायकांच्या अंगावर हात टाकणारा, असा कुणी सापडला की त्याला आडवा पाडून तळपायांवर काठ्या. आमच्या लहानपणी हे प्रसंग रंगवून सांगितले जायचे आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. त्या शिक्षेचा धाक होता म्हणून चळवळीच्या नावावर दरोडे घालणाऱ्या टोळ्या थंड झाल्या. टाकलेल्या बायकांना न्याय मिळाला, गहाण रानं सुटली, कोर्टात वर्षानुवर्षं कुजणारे तंटे पिंपळाच्या पारावर एका बैठकीत मिटले. हे सगळं मी मानतो, आणि इंग्रजाच्या कोर्टापेक्षा ते न्यायमंडळ गरिबाला जास्त जवळचं होतं हेही मानतो. पण त्या कोर्टाच्या वर दुसरं कोर्ट नव्हतं. रात्री झालेला निकाल रात्रीच अंमलात यायचा. १९४४मध्ये गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हा म्हणून सांगितलं, तेव्हाही आमच्याकडचे बहुतेक उघड झाले नाहीत. ते बरोबर होतं की चूक, ह्यावर मी स्वतःशी आजवर एकमत करू शकलेलो नाही. त्या क्षणी उघड होणं म्हणजे मागची सगळी घरं उघडी टाकणं होतं, हे मला कळतं.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. त्याच्या आजोबांना अशी शिक्षा झाली होती. पोलिसांना खबर दिल्याचा आरोप होता. त्यांनी दिली होती का, नव्हती, हे आता सांगणारं कुणी नाही. म्हातारा मी पाहिलेला आहे. लंगडत चालायचा, पावसाळ्यात पायांना एरंडाची पानं गरम करून बांधायचा आणि पंधरा ऑगस्टला घराबाहेर पडायचा नाही. शाळेच्या प्रभातफेरीत आम्ही घोषणा देत त्यांच्या दारावरून जायचो तेव्हा मित्र रांगेत खाली मान घालून चालायचा. आमच्या गावात घरटी नाना पाटलांचा फोटो, ह्यांच्या भिंतीवर नाही. तो मला एकदा म्हणाला होता, "तुमच्या घरात ती गोष्ट हाय. आमच्या घरात तिची आवाज न करता चालायची सवय हाय." त्याचे वडील खरोखर तसेच चालायचे. हळू, भिंतीकडेनं.

१९४६ला वॉरंटं मागे घेतली गेली आणि भूमिगत माणसं उजेडात आली. गावोगाव मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला. नानांना खांद्यावर घेऊन नाचलेले लोक मी भेटलेलो आहे. पुढे नाना १९५७ला साताऱ्यातून आणि १९६७ला बीडमधून लोकसभेत गेले, आणि १९७६च्या डिसेंबरात गेले ते इच्छेप्रमाणे वाळव्याच्या मातीत. पत्री सरकारातलेच नागनाथअण्णा नायकवडी, त्यांनी साखर कारखाना उभा केला आणि त्याला किसन अहिरांचं नाव दिलं.  ज्यांची नावं आपण घेतो त्यांतल्या बहुतेकांनी शेवटपर्यंत साधेपणा सोडला नाही, हे आमच्या भागाचं भाग्यच. मिरवणुकीच्या दिवशी थोरली आई कुठे होती, असं मी विचारलं तर म्हणाली, "कुठं असनार? पाचशे मानसांचा सैपाक हुता."

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी वही घेऊन बसलो होतो. म्हटलं, आता तरी नावं सांग. आपल्या घरी कोण कोण यायचं, भाकरी कुणाच्या मळ्यात जायच्या, पीठ कोण कोण द्यायचं. ती बराच वेळ माझ्या वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगू नगं म्हनलं हुतं." कोण म्हणालं होतं? तर सासऱ्यांनी, तेव्हा, पत्री सरकारच्या पहिल्या वर्षी. देवाची शपथ घातली होती. मी म्हटलं, अगं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, देश स्वतंत्र झाला, ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते इंग्रज गेले, सासरेही गेले. ती म्हणाली, "व्हय. पर आता सांग म्हनून कोन आलंच न्हाई."

मला त्यावर काही सुचलं नाही. शपथ घालणारे सगळे पुढे सभांमध्ये बोलले, मुलाखती दिल्या, ते योग्यच होतं. ती शपथ सोडवायला मात्र कुणी पुन्हा तिच्या चुलीपाशी आलं नाही. ती नावं न सांगताच गेली.

ऐंशीच्या दशकात जागोजागी हुतात्मा स्मारकं झाली. कुठे ती नीट राखलेली आहेत, कुठे आत शेळ्या बांधतात. तालुक्याच्या ठिकाणी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी बसवलेले नावांचे दगड आहेत, अक्षरांत शेवाळ भरलंय. मी त्या दगडांवर रागावलेलो नाही. ज्यांची नावं आहेत ती तिथे असायलाच हवीत. त्या नावांना जेवू घालणाऱ्यांची एक वही आपण करावी एवढंच मनात आलं आणि म्हणून मी हल्ली गावी गेलो की नव्वदीच्या पुढच्या माणसांकडे जाऊन बसतो. १९४३ला जी पोरं आठ-दहा वर्षांची होती तीच आता उरली आहेत, तीही बोटांवर मोजण्याइतकी. त्यांना मी चळवळीचं विचारत नाही. चळवळ म्हटलं की ती पुस्तकातलं बोलायला लागतात. मी विचारतो, तुमच्या आईला तेव्हा पीठ कुठून मिळायचं?

आमच्याच वरच्या आळीचे एक तात्या आहेत. कान गेलेत, डोळे शाबूत. त्यांना लहानपणी बळदाच्या तोंडावर वाकळ टाकून झोपवायचे, कारण आत बंदुका होत्या, आणि पोलीस झोपलेल्या पोराला सहसा उठवायचे नाहीत. खालून लोखंडाला लावलेल्या तेलाचा वास यायचा, म्हणाले, अजून सायकलच्या दुकानापुढून गेलो की झोप येते. मी कानाशी ओरडून पिठाचं विचारलं. तात्यांनी पाळी सांगितली, घरं मोजत मोजत. पिंपळाखालचं घर, सुताराचं, गुरवाचं, ओढ्यापलीकडचं मांगवाड्यातलं एक, आमचं, आणि मग त्यांनी माझ्या मित्राच्या घराचं नाव घेतलं. मला वाटलं त्यांची गफलत झाली. पुन्हा विचारलं. ते चिडले. "म्हातारा न्हवं, म्हातारी. तिच्या घरनं पीठ यायचं. त्याला मारलं त्याच्या आधी बी आन् मागनं बी."

मागनं बी?

"व्हय. मीच आनायचो की बुट्टी."

रात्री मी मित्राला फोन केला. तात्या जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. तो इतका वेळ गप्प होता की फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग त्यानं विचारलं, वहीत काय लिहिणार? मी म्हटलं, आजीचं नाव. तर त्याला ते ठाऊक नव्हतं. सगळा गाव तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायचा, घरात ती नुसती आई. आजोबा गेले तेव्हा वारस म्हणून तिचं नाव जमिनीला लागलं होतं, म्हणजे जुन्या फेरफारात असणार. सकाळी तलाठ्याकडे जाऊन बघतो, म्हणाला. आणि मग, "पण पुरं नाव लिहायचं म्हटलं तर मधी आजोबांचं नाव येणार."

"येऊ दे की," मी म्हटलं.

तो पुन्हा काही वेळ बोलला नाही. मग तलाठी किती वाजता सापडतो, तेवढं विचारलं.